व्होल्टेज-करंट सेन्सर भलतेच आकडे देतोय? दोष पायरीपायरीने असा शोधा

बॅटरी जोडली आहे, लोड चालू आहे आणि स्क्रीनवर मात्र ३२.७६ व्होल्ट आणि उणे ०.१ मिलिअँपिअर दिसतंय. किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीला बोर्ड ९६ व्होल्ट म्हणतोय. किंवा लोड काढून ठेवला तरी साडेसहा अँपिअर वाहतोय असं सांगतोय. अशा वेळी हात आपोआप लायब्ररी बदलायला जातो, तेवढ्यानं भागलं नाही की बोर्ड बदलायला. त्याआधी तो आकडा जसाच्या तसा लिहून घ्या. हे तिन्ही आकडे योगायोगानं येत नाहीत. प्रत्येकामागे एक ठरलेलं कारण आहे आणि ते माहीत असलं, तर दोष तारांमध्ये आहे, चिपमध्ये आहे की हिशेबात आहे हे बरेचदा स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधीच कळतं.

हा लेख मुख्यतः आयएनए२१९ आणि आयएनए२२६ या चिप असलेल्या बोर्डांबद्दल आहे. हॉल इफेक्टवर चालणाऱ्या एसीएस७१२ ची तऱ्हा वेगळी, म्हणून तो शेवटी स्वतंत्र घेतला आहे.

चिप नेमकं काय मोजते

आयएनए२१९ करंट थेट मोजत नाही. ती फक्त दोन व्होल्टेज मोजते. पहिलं म्हणजे शंटच्या दोन टोकांमधला फरक. शंट म्हणजे बोर्डावरचा तो जाडसर, अगदी कमी रोधाचा रेझिस्टर; त्यावर आर१०० छापलेलं असेल तर तो ०.१ ओहमचा. शंटच्या पुरवठ्याकडच्या टोकाची पिन व्हीआयएन प्लस आणि लोडकडच्या टोकाची व्हीआयएन मायनस. दुसरं म्हणजे व्हीआयएन मायनस आणि ग्राउंड यांच्यातलं व्होल्टेज, त्याला बस व्होल्टेज म्हणतात. करंट आणि पॉवर हे या दोन आकड्यांवरून केलेले हिशेब आहेत.

या एका गोष्टीवर पुढची सगळी पद्धत उभी आहे. शंटवरचे मिलिव्होल्ट बरोबर येत असतील आणि करंट चुकत असेल, तर तारांना हात लावायचं कारण नाही. दोष हिशेबात आहे. मिलिव्होल्टच चुकत असतील, तर कोडमध्ये कितीही डोकं घाला, उपयोग नाही. म्हणून कोडमधून करंट छापताना शंट व्होल्टेज आणि बस व्होल्टेजही शेजारी छापा. बहुतेक उदाहरण-प्रोग्राम तसं करतातच. ती ओळ नकोशी वाटून काढून टाकलेली असते.

पायरी १: लोड बाजूला ठेवा, माहितीतला रेझिस्टर लावा

मोटर, एलईडी पट्टी, चार्जर यांच्यावर सेन्सर तपासायला बसू नका. त्यांचा करंट क्षणाक्षणाला बदलतो, मग सेन्सर चुकतोय की लोडच तसा आहे हे ठरवता येत नाही. ५ व्होल्टचा चांगला पुरवठा आणि १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर घ्या. पुरवठ्याचा धन टोक व्हीआयएन प्लसला, व्हीआयएन मायनसपासून रेझिस्टर, आणि रेझिस्टरचं दुसरं टोक पुरवठ्याच्या ऋण टोकाला. बोर्डाचं ग्राउंड पुरवठ्याच्या ऋण टोकाला आणि मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंडलाही जोडलेलं हवंच.

आता उत्तर आधीच काढून ठेवा. एकूण रोध १०.१ ओहम, म्हणजे करंट सुमारे ४९५ मिलिअँपिअर. शंटवर ४९.५ मिलिव्होल्ट. बस व्होल्टेज ५ नाही, सुमारे ४.९५ व्होल्ट, कारण आयएनए२१९ शंटच्या पलीकडचं, म्हणजे लोडच्या बाजूचं व्होल्टेज दाखवते. पुरवठ्याचं व्होल्टेज हवं असेल तर बस आणि शंट यांची बेरीज करावी लागते. मल्टिमीटर बॅटरीवर लावला की बोर्डापेक्षा थोडं जास्त दिसतं, आणि तो फरक लोड वाढवला की वाढतो, त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं. २ अँपिअरला ०.१ ओहमचा शंट ०.२ व्होल्ट खातो आणि ०.४ वॉट उष्णता काढतो. हे बोर्डाचं काम करण्याचं तंत्रच आहे, दोष नाही.

रेझिस्टर अडीच वॉट उष्णता सोडतो, म्हणून तो टेबलाच्या पृष्ठभागाला टेकवून ठेवू नका आणि बोट लावून बघू नका.

पायरी २: मल्टिमीटर तीन जागी लावा

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. करंटच्या मोडवर नाही. करंट मोजायला मीटर सर्किटमध्ये ओळीनं घालावा लागतो, त्याच्या आतल्या शंटवर आणि प्रोबच्या वायरीवर व्होल्टेज पडतं, आणि मोजायला गेलेला करंटच बदलून बसतो. दोन उपकरणांच्या आकड्यांत फरक दिसला की दोष नेहमी बोर्डाच्याच माथी मारला जातो, ते बरोबर नाही.

पहिली जागा: बोर्डाचा व्हीसीसी (चिपच्या पुरवठ्याची पिन) आणि जीएनडी (ग्राउंड). आयएनए२१९ ला ३ ते ५.५ व्होल्ट लागतात. दुसरी: व्हीआयएन मायनस ते बोर्डाचं जीएनडी. प्रोब बॅटरीच्या टोकावर नाही, बोर्डाच्याच पिनवर टेकवा. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: शंटच्या दोन टोकांवर थेट, सोल्डर केलेल्या कडांना प्रोब लावून, मिलिव्होल्टच्या रेंजमध्ये. या तीन आकड्यांपुढे बोर्डाचे आकडे लिहा.

दुसऱ्या जागी मल्टिमीटर ४.९५ आणि बॅटरीवर ५.०० म्हणाला तर ठीक. पण बोर्डाच्या पिनवर ४.६ आणि बॅटरीवर ५ असेल, तर ०.४ व्होल्ट वाटेत कुठेतरी गळतायत. ब्रेडबोर्डचे खाचे आणि बारीक जंपर वायरी इथे नडतात. एखाद्या जोडणीत ०.१ ओहम जरी भरला, तरी १ अँपिअरला ०.१ व्होल्ट गेला. लोडचा करंट ब्रेडबोर्डमधून नेऊच नका. तो स्क्रू टर्मिनलमधून, जाड वायरीनं न्या. ब्रेडबोर्डवर फक्त आय-टू-सी च्या, म्हणजे चिप आणि मायक्रोकंट्रोलर यांच्यातल्या संवादाच्या, वायरी राहू द्या.

ग्राउंडकडे मुद्दाम लक्ष द्या. लोडचा परतीचा करंट बोर्डाच्या बारीक जीएनडी वायरीतून वाहत असेल, तर त्या वायरीवर व्होल्टेज पडतं आणि बोर्डाचा शून्य बिंदूच सरकतो. लक्षण ठरलेलं: करंट वाढला की बस व्होल्टेजमधली चूकही त्याच प्रमाणात वाढते. लोडची परतीची वायर थेट पुरवठ्याला न्या आणि बोर्डाचं ग्राउंड तिथूनच वेगळ्या वायरीनं घ्या.

कुणी शंट ऋण बाजूला, म्हणजे लोड आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावला असेल, तर आयएनए२१९ वर बस व्होल्टेज शून्याच्या आसपासच येणार, कारण व्हीआयएन मायनस ग्राउंडलाच बसलेला असतो. त्यातून बोर्ड लॅपटॉपला यूएसबीनं जोडलेला असेल आणि तोच ग्राउंड दुसऱ्या वाटेनंही पुरवठ्यापर्यंत पोचत असेल, तर लोडचा काही करंट शंट चुकवून केबलमधून परततो आणि वाचन कमी येतं. यूएसबी काढून बोर्ड वेगळ्या बॅटरीवर चालवा. आकडा वर गेला तर चोरवाट सापडली.

पायरी ३: आकडा ओळखा

खरा छडा बरेचदा इथेच लागतो, म्हणून यावर थोडा जास्त वेळ घालवू.

*३२.७६ व्होल्ट आणि उणे ०.१ मिलिअँपिअर.* चिप उत्तरच देत नाहीये. आय-टू-सी वर समोरून काही आलं नाही की वाचलेल्या प्रत्येक बाइटमध्ये सगळे बिट १ भरले जातात. बस व्होल्टेजच्या रजिस्टरमधले (रजिस्टर म्हणजे चिपमधली आकडा साठवण्याची जागा) खालचे तीन बिट सोडले की ८१९१ उरतात, आणि प्रत्येक पायरी ४ मिलिव्होल्टची, म्हणून ३२.७६४ व्होल्ट. करंटच्या रजिस्टरमध्ये सगळे बिट १ म्हणजे चिन्हासकट उणे १, आणि एक पायरी ०.१ मिलिअँपिअरची. इथे शंट, लोड, बॅटरी यांचा काडीमात्र संबंध नाही. एसडीए आणि एससीएल या आय-टू-सी च्या दोन वायरी उलट लागलेत का, बोर्डाला व्हीसीसी मिळतोय का, पत्ता बरोबर आहे का, पिनांची सोल्डरिंग झाली आहे का एवढंच पाहा. हेडर पिना नुसत्या भोकांत खुपसून चालवलेले बोर्ड हमखास असं करतात.

पत्ता शोधायला आय-टू-सी स्कॅनर चालवा. आयएनए२१९ च्या बोर्डाचा पत्ता कारखान्यातून हेक्स ४० (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेली संख्या) असतो आणि ए० आणि ए१ या जंपरांनी तो हेक्स ४१, ४४ किंवा ४५ करता येतो. हेक्स ४० वर आणखीही काही मंडळी राहतात: सर्वो चालवणारा पीसीए९६८५ आणि आर्द्रता मोजणारा एसआय७०२१. दोघे एकाच पत्त्यावर आले की कधी बरोबर, कधी भलतंच असं वाचन येतं. बाकीचे सगळे बोर्ड सोडवून सेन्सर एकटा चालवून पाहा, ही शंका लगेच फिटते.

*खऱ्याच्या नेमकं आठपट व्होल्टेज.* १२ चे ९६, ५ चे ४०. आयएनए२१९ च्या बस रजिस्टरमध्ये व्होल्टेजचा आकडा तीन बिट डावीकडे सरकवून ठेवलेला असतो. सगळ्यात खालच्या दोन जागी मोजणी झाल्याची आणि हिशेब ओसंडल्याची खूण असते. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये तो तीन बिट उजवीकडे सरकवायचा राहिला की आठपट.

*१२ व्होल्टला ४.८, ५ व्होल्टला २.* खऱ्याच्या ०.४ पट. बोर्डावर आयएनए२२६ आहे आणि लायब्ररी आयएनए२१९ ची. आयएनए२२६ मध्ये बस व्होल्टेजची पायरी १.२५ मिलिव्होल्टची आणि बिट सरकवायचे नसतात. १२ व्होल्टला रजिस्टरमध्ये ९६०० असतात. आयएनए२१९ ची लायब्ररी त्यांना आठनं भागते, ४ मिलिव्होल्टनं गुणते आणि ४.८ देते. शंटच्या बाबतीत उलट: तिथे आयएनए२२६ ची पायरी २.५ मायक्रोव्होल्ट, आयएनए२१९ ची १० मायक्रोव्होल्ट, म्हणून शंट व्होल्टेज चौपट दिसतं. दोन्ही चिपांचा पत्ता एकच असल्यानं स्कॅनरला फरक कळत नाही. चिपवरची छपाई भिंगातून वाचा. किंवा हेक्स एफई आणि एफएफ ही रजिस्टरं वाचा: आयएनए२२६ तिथे हेक्स ५४४९ आणि २२६० देते.

*लोड नसताना ६५५३ मिलिअँपिअर.* शून्याच्या जरा खाली गेलेलं वाचन बिनचिन्हाच्या संख्येत वाचलं गेलंय. उणे १ चे ६५५३५ होतात, त्याला १० मायक्रोव्होल्टनं गुणलं की ६५५.३५ मिलिव्होल्ट, आणि ०.१ ओहमनं भागलं की ६५५३.५ मिलिअँपिअर. कोडमध्ये त्या चलाचा प्रकार सोळा बिटांचा चिन्हासह पूर्णांक करा. चलाचा प्रकार ३२ बिटांचा असेल, तर आधी १६ बिटांत चिन्हासह बसवून मगच पुढे न्या. नाहीतर चूक तशीच राहते.

*करंट ठरावीक आकड्यावर अडकतो.* लोड वाढवला तरी ४०० मिलिअँपिअरच्या वर जात नाही, किंवा ३.२ अँपिअरला थांबतो. चिपची रेंज संपली. आयएनए२१९ मध्ये शंटच्या रेंज ४०, ८०, १६० आणि ३२० मिलिव्होल्ट अशा आहेत, ०.१ ओहमच्या शंटवर पहिलीत ४०० मिलिअँपिअर आणि शेवटचीत ३.२ अँपिअर बसतात. आयएनए२२६ ची रेंज एकच, ८१.९२ मिलिव्होल्ट, म्हणून त्याच ०.१ ओहमवर ती ८१९ मिलिअँपिअरलाच थांबते. तिच्या बऱ्याच बोर्डांवर आर०१० किंवा आर००२ लिहिलेले शंट असतात, त्याचं कारण हेच.

*करंट उणे, पण आकडा बरोबर.* व्हीआयएन प्लस आणि मायनस उलट लागलेत. वायरी अदलाबदल करा. बॅटरी चार्ज आणि डिस्चार्ज अशी दोन्ही दिशांची मोजणी असेल, तर तिथे उणे चिन्ह बरोबरच आहे.

*काहीच जोडलं नसताना व्होल्टभर वाचन.* मोकळ्या पिनवर काहीही दिसू शकतं, त्याचा अर्थ लावत बसू नका. आयएनए२२६ मध्ये बस व्होल्टेजसाठी व्हीबस ही वेगळी पिन असते आणि बऱ्याच बोर्डांवर ती वेगळी बाहेर काढलेली असते. करंट बरोबर, व्होल्टेज मात्र शून्य किंवा भरकटलेलं असं झालं, तर ती पिन लोडच्या धन टोकाला जोडायची राहिली आहे.

पायरी ४: कच्ची रजिस्टरं वाचा

वरच्या यादीत तुमचा आकडा बसला नाही, तर लायब्ररी बाजूला ठेवून रजिस्टर थेट वाचा. पहिलं काम: चिपला नुकताच वीजपुरवठा दिलेला असताना, तिला काहीही न लिहिता, रजिस्टर शून्य वाचा. आयएनए२१९ मध्ये तिथे हेक्स ३९९एफ असायला हवं, आयएनए२२६ मध्ये हेक्स ४१२७. हे आलं, तर वायरी, पत्ता आणि वाचण्याची पद्धत तिन्ही ठीक.

३९९एफ ऐवजी ९एफ३९ आलं, तर दोन बाइट उलट जुळलेत. या चिपा मोठा बाइट आधी पाठवतात. रास्पबेरी पायवर पायथनच्या एसएमबसमधलं दोन बाइट एकदम वाचणारं फंक्शन मात्र आधी आलेला बाइट लहान समजतं. या चुकीची खूण मोठी विलक्षण असते. १२ व्होल्टला बस रजिस्टरमध्ये हेक्स ५डीसी२ असतं. ते उलटं वाचलं की सी२५डी होतं आणि हिशेबानं सुमारे २४.९ व्होल्ट निघतात. बॅटरीचं व्होल्टेज फक्त ४ मिलिव्होल्टनं सरकलं की वाचन मात्र १.०२४ व्होल्टनं उडी मारतं. स्थिर बॅटरीवर अशा एकेक व्होल्टच्या उड्या दिसल्या, तर आवाज, गोंगाट, कपॅसिटर यांचा विचार सोडा आणि बाइट फिरवा.

पायरी ५: कॅलिब्रेशन रजिस्टर

शंटवरचे मिलिव्होल्ट बरोबर, बस व्होल्टेज बरोबर, आणि करंट व पॉवर दोन्ही शून्य. याचा अर्थ कॅलिब्रेशन रजिस्टर रिकामं आहे. चिप चालू होताना ते शून्य असतं, आणि जोवर त्यात काही लिहिलं जात नाही तोवर करंटचं रजिस्टर शून्यच राहतं.

आयएनए२१९ साठी सूत्र असं: ०.०४०९६ ला करंटची पायरी आणि शंटचा रोध यांच्या गुणाकारानं भागायचं. पायरी ०.१ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०००१ अँपिअर, आणि शंट ०.१ ओहम घेतला तर उत्तर ४०९६. आयएनए२२६ साठी वरचा अंक ०.००५१२. पॉवरची पायरी पहिल्या चिपेत करंटच्या पायरीच्या २० पट, दुसरीत २५ पट. करंट बरोबर पण पॉवर पाचव्या हिश्शानं कमी, असं दिसलं तर हे २० आणि २५ एकमेकांच्या जागी गेलेत का ते पाहा.

बोर्डावरचा शंट आणि कोडमधला शंट एकच आहे का, हे डोळ्यांनी बघून खात्री करा. लायब्ररी ०.१ ओहम धरून चालली आणि बोर्डावर आर०१० असेल, तर करंट दहापट कमी येतो. आर००२ असेल तर पन्नासपट कमी.

एक जास्त छुपा प्रकार आहे. सगळं नीट चाललेलं असतं, मोटर एकदम सुरू होते आणि त्यानंतर करंट शून्य दाखवायला लागतो. रीसेट केलं की पुन्हा ठीक. मोटरच्या धक्क्यानं पुरवठा क्षणभर बसला, चिप रीसेट झाली आणि कॅलिब्रेशन पुसलं गेलं. मायक्रोकंट्रोलर मात्र चालूच राहिला, म्हणून त्यानं ते पुन्हा लिहिलं नाही. अ‍ॅडाफ्रुटची लायब्ररी याच कारणानं करंट वाचण्याआधी कॅलिब्रेशन पुन्हा लिहिते. तुमची लायब्ररी तसं करत नसेल, तर ती एक ओळ तुम्ही घाला. मूळ दुखणं मात्र पुरवठ्यात आहे: बोर्डाच्या व्हीसीसीला मोटरपासून वेगळा पुरवठा द्या आणि पिनांच्या अगदी जवळ कपॅसिटर लावा.

पायरी ६: आकडे नाचतायत

रेझिस्टरवर आकडा स्थिर आणि खऱ्या लोडवर मात्र नाचतो, तर सेन्सर ठीक आहे आणि लोडच नाचतोय. पीडब्ल्यूएमनं, म्हणजे वीज झपाट्यानं चालू-बंद करून, चालणारा लोड हे त्याचं ठसठशीत उदाहरण. अनेक अर्डुइनो बोर्डांचा पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे एक आवर्तन सुमारे २ मिलिसेकंदांचं. आयएनए२१९ ची १२ बिटांची एक मोजणी ५३२ मायक्रोसेकंदांत होते. ती आवर्तनाचा जेमतेम पाव भाग पाहते. कधी चालू भाग सापडतो, कधी बंद. म्हणून वाचन पूर्ण करंट आणि शून्य यांच्यात हेलकावे खातं.

उपाय चिपमध्येच आहे. कॉन्फिगरेशनमध्ये १२८ नमुन्यांची सरासरी निवडा. मग एक वाचन ६८.१ मिलिसेकंदांत येतं आणि त्यात तीसेक आवर्तनं बसतात. कोडमध्ये दहा वाचनांची सरासरी काढण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण कोडमधली वाचनं अधूनमधून घेतलेली असतात आणि मधला काळ निसटतो. त्याहून वेगाच्या गोंगाटासाठी शंटच्या दोन्ही टोकांपासून चिपपर्यंत प्रत्येकी १० ओहम आणि दोन पिनांमध्ये ०.१ ते १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, असा फिल्टर चालतो. १० ओहमच्या वर जाऊ नका. चिपच्या पिना थोडा करंट ओढतात, त्यानं नवी चूक शिरते.

पॉवरच्या बाबतीत एक सावधगिरी. व्होल्टेजची सरासरी आणि करंटची सरासरी यांचा गुणाकार म्हणजे पॉवरची सरासरी नाही. करंट वाढताना व्होल्टेज बसत असेल, तर या हिशेबानं पॉवर प्रत्यक्षापेक्षा जास्त निघते. बॅटरी किती तास टिकेल हे अशा आकड्यावरून ठरवत असाल, तर हा फरक जाणवेल.

शून्याजवळची थोडी चूक मात्र सोडून द्या. ०.१ ओहमच्या शंटवर आयएनए२१९ ची एक पायरीच ०.१ मिलिअँपिअरची असते, आणि चिपच्या स्वतःच्या ऑफसेटमुळे मिलिअँपिअरभर इकडेतिकडे होऊ शकतं. झोपलेल्या मायक्रोकंट्रोलरचे १० मायक्रोअँपिअर मोजायला हा बोर्ड घेतला असेल, तर दुरुस्तीनं ते जमणार नाही. मोठा शंट आणि आयएनए२२६ सारखी बारीक पायरीची चिप लागेल.

एसीएस७१२ वाल्यांसाठी

इथे शंट, रजिस्टर, पत्ता काहीच नाही. करंटच्या चुंबकीय क्षेत्रावरून एक व्होल्टेज बाहेर येतं आणि ते तुमचा एडीसी, म्हणजे मायक्रोकंट्रोलरमधला व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, वाचतो. शून्य करंटला हे व्होल्टेज पुरवठ्याच्या बरोबर निम्मं असतं. ५ व्होल्टवर २.५. तिथून ५ अँपिअरच्या मॉडेलमध्ये दर अँपिअरला १८५ मिलिव्होल्ट, २० वाल्यात १०० आणि ३० वाल्यात ६६.

लोड नसताना अँपिअरभर करंट दिसणं ही याची नेहमीची तक्रार. यूएसबीवरून मिळणारे ५ व्होल्ट ४.७ असले, तर शून्य बिंदू २.३५ ला सरकतो. कोडमध्ये २.५ पक्कं लिहिलेलं असेल, तर ०.१५ व्होल्टची चूक ५ अँपिअरच्या मॉडेलवर ०.८ अँपिअर आणि ३० च्या मॉडेलवर सव्वादोन अँपिअर होऊन दिसते. कोड सुरू होताना, लोड बंद ठेवून, शे-दोनशे वाचनांची सरासरी घ्या आणि तोच शून्य धरा. एडीसीचा संदर्भही त्याच ५ व्होल्टवरून घेतला, तर पुरवठा हलला तरी शून्य जागेवर राहतो.

ईएसपी३२ वर याला सरळ जोडू नका. ५ अँपिअरला याचं आउटपुट ३.४ व्होल्टच्या वर जातं आणि त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. १० आणि २० किलोओहमचा विभाजक मध्ये घाला. तिथे आणखी एक गोम आहे: मूळ ईएसपी३२ चे दुसऱ्या एडीसीचे पिन वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत. वायफाय लावल्याबरोबर वाचन बिघडलं, तर पहिल्या एडीसीच्या पिनवर वायर हलवा.

१० बिटांच्या एडीसीवर ३० अँपिअरच्या मॉडेलची एक पायरी ७४ मिलिअँपिअरची पडते. शंभर-दोनशे मिलिअँपिअरचा लोड त्यावर मोजायचा प्रयत्न करू नका. मॉडेलच चुकीचं निवडलंय. जवळून जाणारी जाड वायर, मोटर किंवा स्पीकरचं चुंबकही याचं वाचन सरकवतं.

घरातल्या एसी लाइनवर आयएनए२१९ किंवा आयएनए२२६ चा बोर्ड कधीच लावायचा नाही. एसीएस७१२ ची चिप विलग असली, तरी बोर्डाचे स्क्रू आणि सोल्डर उघडे असतात. बंद डब्याशिवाय आणि लाइन बंद केल्याशिवाय त्याला हात लावू नका.

पायरी ७: जुळवणी, आणि बोर्ड कधी टाकून द्यायचा

सगळं जागेवर आलं की दोन बिंदूंवर जुळवा. लोड काढून शून्य नोंदवा, मग रेझिस्टर लावून रेंजच्या निम्म्याच्या वरचा एखादा करंट नोंदवा आणि शंटवर मल्टिमीटर लावून तुलना करा. शून्यातला फरक वजा करायचा, उरलेला फरक गुणकानं सुधारायचा. फक्त एकाच बिंदूवर गुणक बसवला, तर शून्याची चूक त्यात मिसळते आणि दुसऱ्या टोकाला वाचन जास्तच बिघडतं. जुळवणी पाच मिनिटं करंट वाहू दिल्यावर करा. शंट तापला की त्याचा रोध थोडा सरकतो.

आणि काही वेळा चिप खरोखर गेलेली असते. आयएनए२१९ ची मर्यादा २६ व्होल्ट, आयएनए२२६ ची ३६. २४ व्होल्टची लेड अ‍ॅसिड बॅटरी चार्जिंगला २८ च्या वर जाते, १२ व्होल्टच्या दोन सोलर पॅनेलांची माळ मोकळ्या अवस्थेत ४० ओलांडते. मोटर बंद होतानाचा झटका तर वेगळाच. लोड नसताना चिप गरम लागत असेल, शंटच्या दोन टोकांवर मल्टिमीटर शून्य दाखवत असताना बोर्ड कमाल करंटवर अडकला असेल, किंवा पुरवठा ठीक असून ती पत्त्यावर सापडत नसेल, तर बदलून टाका. शंट जळाल्यास तो काळा पडतो आणि लोड चालतच नाही. तो एकटा बदलता येतो, पण त्याच रोधाचा आणि किमान १ वॉटचा घ्या. नवा बोर्ड लावण्याआधी जुना कशानं गेला ते शोधा: मोटरवर उलट्या दिशेचा डायोड आहे का, पॅनेलचं मोकळं व्होल्टेज किती आहे, आणि बॅटरी जोडताना आधी ग्राउंड जोडलं जातं का.